देवीला पापण्या नसतात

प्रिय दिपाली,

सकाळची पूजा आटोपली आहे आणि यमाईच्या देवळाच्या पायरीवर बसून, मांडीवर पाट घेऊन हे लिहितो आहे. नीरेवरचं धुकं आज अगदी पायऱ्यांपर्यंत आलं आहे. पलीकडच्या काठावर ऊसतोड चालू आहे. कोयत्यांचा आवाज येतो, पण माणूस एकही दिसत नाही. मध्येच एखादी बाई हसते आणि ते हसू पाण्यावरून तरंगत येऊन सरळ गाभाऱ्यात शिरतं. लहानपणी तुला अशा धुक्याची भीती वाटायची. देऊळ वाहून चाललं म्हणून तू माझ्या सोवळ्याचा सोगा मुठीत धरून ठेवायचीस. धुकं विरलं की पिंपळ जागच्या जागी दिसायचा, आणि मग तू सोगा सोडायचीस.

आपण रोज फोनवर बोलतो, पण ते काही बोलणं नव्हे. तू जेवलीस का, मी जेवलो का, आईची कंबर कशी आहे, एवढ्यात संपतं. मला जे सांगायचं आहे ते तुझा आवाज ऐकत ऐकत सांगता येणार नाही, म्हणून पत्र. सावळाराम उद्या बारामतीला चालला आहे, त्याच्याकडे देतो. उद्या संध्याकाळी ते तुझ्या मावशीच्या घरी पोचेल. तुला ते रविवारच्या आत मिळायला हवं, कारण रविवारी सकाळी तुझी पार्लरमधली मैत्रीण मोना तुझी मेकअपची पेटी न्यायला येणार आहे. तू आईला सांगितलंस, "देऊन टाक, मला आता ब्रश हातात धरायचा न्हाय." आईनं ते मला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी नुसती मान डोलावली. मग ती भाकरीचं पीठ मळताना परात जरा जास्तच आपटत होती. तिनं तसं का केलं ते पुढं येईलच. मला तुला मस्काऱ्याबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस. तुझ्या गुरव बापाला आता मस्काऱ्यातलं थोडंफार कळतं.

गेल्या माघात आपल्या गावातल्या संस्कृतीचं लग्न झालं. तू एकटीनं सजवलेली ती पहिली नवरी. त्याआधी सात महिने तू बारामतीत राजलक्ष्मीमॅडमच्या पार्लरमध्ये शिकत होतीस, त्यांच्या हाताखाली कितीतरी नवरीमुलींना तयार केलं होतंस, आणि एकदाही कुठं बोट ठेवायला जागा राहिली नव्हती. त्या दिवशी तू पहाटेच निघालीस आणि निघताना देवीच्या पाया पडायला आलीस. मी तुझ्या हातात काजळाची पितळी डबी ठेवली. आपली रीत तुला ठाऊकच आहे. आपल्याकडची मुलगी लग्नाला उभी राहण्याआधी यमाईपुढं येते आणि गुरव तिच्या डोळ्यांना देवीचं काजळ लावतो, समईची काजळी गाईच्या तुपात खलून केलेलं. माझ्या वडिलांनी लावलं, त्यांच्या वडिलांनी लावलं. पण संस्कृतीचं लग्न बारामती रस्त्यावरच्या कार्यालयात होतं, तिला इकडे येणं जमणार नव्हतं. म्हणून मी तुला म्हणालो, "माझ्या वतीनं तू लाव. आधी देवीचं, मग तुझं. पापणीच्या मुळाशी चांगलं बोट फिरव." तू डबीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. जरा थांबलीस. आणि "बरं, अण्णा" म्हणून डबी पेटीत ठेवलीस.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी मागच्या खुर्च्यांवर होतो. शूटिंगवाल्याच्या दिव्यांनी मांडव नुसता तापला होता. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, आणि सगळ्यांना संस्कृतीचं तोंड दिसलं. तिच्या दोन्ही गालांवरून काळे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. ती रडलीसुद्धा नव्हती गं. नवऱ्याकडच्या कुणीतरी बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया, नवरी गुऱ्हाळावरनं उचलून आणली का काय!" आणि अख्खा मांडव हसला. नवरदेवानं आपला रुमाल पुढं केला, तेवढं एक बरं झालं. तू खांबाला टेकून उभी होतीस, हातात कापूस होता आणि तो हात वर येत नव्हता. मी उठून तुझ्याकडे यायला हवं होतं. मी हातातल्या उरलेल्या अक्षता बघत बसलो.

नंतर गाव म्हणालं, गुरवाच्या पोरीला हात न्हाय. राजलक्ष्मीमॅडम म्हणाल्या, "सात महिने शिकवलं ते हेच का?" त्यांनी तुला खोदून खोदून विचारलं, कुठला मस्कारा, कधीचा, आधी काय लावलंस. तू एवढंच म्हणालीस, "माझंच चुकलं, मॅडम." पुढच्या दोन नवऱ्या ठरल्या होत्या, त्यांनी दुसरीकडे विचारलं. चैत्रात तू एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागलीस. पेटी माळ्यावर गेली. पहिल्या आठवड्यात तू फोटो पाठवला होतास, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, नुसते डोळे उघडे. आई तो फोटो मोठा करून करून बघत होती आणि म्हणत होती, "डोळ्यात काजळबी न्हाय पोरीच्या."

श्रावणात घरातलं सगळं बुरसायला लागलं, तेव्हा आईनं पेटी उन्हात ठेवायला सांगितली. मी ती अंगणात आणून उघडली. किती नीट लावून ठेवली आहेस गं, जसे आपण पूजेची उपकरणी लावतो. मस्काऱ्याची नळी उघडून पाहिली तर आतलं सगळं वाळून गेलेलं. ती काडी हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. मी अठ्ठावीस वर्षं देवीच्या मुखवट्याचे डोळे रेखतो आहे. श्वास कुठं धरायचा, रेघ कुठून उचलायची, बोट चांदीला टेकवायचं की अधांतरी ठेवायचं, हे मला डोळे मिटूनही कळतं. आणि तुझा हात माझ्याहून स्थिर आहे, हे मी तू नऊ वर्षांची असल्यापासून बघतो आहे. मग तो हात त्याच दिवशी कसा चुकला? ही काडी आहे तरी काय, ते एकदा बघावं म्हणून मी इंदापूरला गेलो.

बसस्थानकामागचं करिमाभाभींचं दुकान तुला माहीत आहे, तुझ्या बांगड्या तिथूनच यायच्या. मला बघून त्या म्हणाल्या, "या गुरवदादा, देवीला खण काढू का?" मी म्हणालो, "न्हाय, मस्कारा पायजे." दुकानात चार बायका होत्या, चौघींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. भाभींनी चष्मा वर केला. "कुणाला? वहिनींना का देवीला?" मी म्हणालो, "मला शिकायचाय." त्यावर त्या म्हणाल्या, "या अल्ला! पन्नाशीला टेकल्यावर?" आणि सगळ्या खो खो हसल्या, मीही हसलो. पण मग मी तुझं नाव काढलं, तशी त्यांनी बायकांना लवकर लवकर वाटेला लावलं, मला स्टूल दिलं आणि काउंटरवर सात-आठ नळ्या ओळीनं मांडल्या.

त्यांनी सांगितलं ते तुला पाठच असेल, पण मला ते नव्या स्तोत्रासारखं होतं. त्या म्हणाल्या, "आधी डब्बी बघायची न्हाय, आधी पापणी बघायची." आखूड आणि सरळ पापणी असेल तर बारीक, वाकडा ब्रश, तो मुळापर्यंत पोचतो आणि पापणीला उचलून धरतो. पापणी लांब पण विरळ असेल तर जाड ब्रश, दाटी करणारा. उतारवयाच्या बाईला गडद काळ्यापेक्षा तपकिरी शोभतो, डोळा रागीट दिसत नाही. नळी घेताना तारीख बघायची आणि एकदा उघडली की तीन-चार महिन्यांनी टाकून द्यायची, डोळ्याशी गाठ आहे. एकीची काडी दुसरीला लावायची नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. आणि ब्रश नळीत वर-खाली खुपसायचा नाही, आत हवा शिरते आणि मस्कारा सुकतो. मला वाटलं, आपण समईत वात सारतो तशी ती काडी हळू फिरवून काढायची असते.

शेवटी त्यांनी दोन नळ्या वेगळ्या ठेवल्या. "ह्यो रोजचा, पाण्यानं धुतला की गेला. आमच्या बायका ह्योच नेतात, नमाजाआधी तोंड धुवावं लागतं ना, पाणी पापणीला लागाय पायजे. आन् ह्यो लग्नाचा, वॉटरप्रूफ. नवरी रडू दे, घामानं भिजू दे, हलायचा न्हाय." मी विचारलं, "मग निघतो कसा?" त्या म्हणाल्या, "तेलानं. कापसावर खोबरेल घ्यायचं, डोळ्यावर धरायचं, आपसूक सुटतो. पाण्याला दाद देत न्हाय, पण तेल म्हना, साय म्हना, तूप म्हना, कायबी ओशट लागलं की वितळला." मी म्हणालो, "तूप?" त्या म्हणाल्या, "व्हय, तूपबी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारून चहा सांगितला. "दादा, तोंड का उतरलं वो तुमचं?" मी लग्नाच्या नळीचे पैसे मोजून ठेवले. चहा पूर्ण प्यालो.

एसटीत खिडकीशी बसून येताना मी मनातल्या मनात देवीला म्हणत होतो, असं नसू दे. आपल्या काजळात काही वेगळं असेल, सोवळ्यात केलेलं, मंत्र म्हणून खललेलं. घरी आलो आणि तुझ्या आईला म्हणालो, "जरा उजेडात बस." ती म्हणाली, "काय खूळ लागलंय?" पण बसली. दिपाली, पंचवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि तुझ्या आईच्या पापण्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. आखूड आहेत, चुलीच्या झळांनी टोकं करपल्यासारखी. उजव्या डोळ्याच्या कडेला दोन पापण्या पांढऱ्या आहेत. पापणीचाही केस पिकतो, हे मला माहीत नव्हतं. दारातून श्रावणातलं ऊन येत होतं, लिंबाची सावली तिच्या तोंडावर हलत होती, आणि मला वाटत होतं, ही बाई इतकी वर्षं माझ्या घरात आहे आणि मी तिला देवीइतकंही निरखलेलं नाही.

मी आधी तिला आरसा खाली धरून त्यात बघायला लावलं, म्हणजे पापणी आपोआप झुकते आणि मूळ दिसतं. काडी नळीच्या तोंडाला पुसून घेतली, कारण सगळा जीव त्या पुसण्यात आहे, जास्तीचा मस्कारा राहिला की गोळे होतात. मग मुळाशी काडी टेकवून किंचित इकडंतिकडं हलवायची आणि न थांबता टोकापर्यंत उचलत न्यायची. एक पातळ हात. तो पुरता वाळायच्या आत दुसरा पातळ हात. बाहेरच्या कोपऱ्याला एखादा जास्त, खालच्या पापणीला नुसता स्पर्श. तुझी आई म्हणाली, "गुदगुल्या व्हतात की वो." मी म्हणालो, "हलू नगंस, पापणी लववू नगंस." ती म्हणाली, "मी काय यमाई हाय व्हय?" पहिल्या दिवशी तिची पापणी चिकटून काटेरी झाली, मी ती कोरड्या ब्रशानं विंचरली. दुसऱ्या दिवशी पापणीवर डाग पडला, तो मी लगेच पुसायला गेलो आणि सगळं फासलं. वाळू द्यायचा आणि मग कापसाच्या काडीनं अलगद उचलायचा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी ते जमलं. तिनं आरशात बघितलं. पदर सारखा केला आणि उगाच तुळशीपर्यंत जाऊन आली.

पाचव्या दिवशी मी तिच्या उजव्या डोळ्याला आधी देवीचं काजळ लावलं, तुला सांगितलं होतं तसंच, पापणीच्या मुळाशी, बोट फिरवून. डाव्याला काही नाही. मग दोन्हींना तोच लग्नाचा मस्कारा. ती भाकऱ्या करायला चुलीपुढं बसली आणि मी उंबऱ्यावर बसून राहिलो. चौथी भाकरी तव्यावर पडेपर्यंत उजव्या डोळ्याखाली काळं उतरलं होतं. सहावी होईपर्यंत ते गालावर आलं. डावा डोळा जसाच्या तसा, चित्रातल्यासारखा. ती म्हणाली, "काय बगताय असं?" मी आरसा पुढं धरला. ती आधी हसली. मग हसता हसता थांबली, कारण असं तोंड तिनं आधी एकदा पाहिलं होतं. तवा उतरवून ती एवढंच म्हणाली, "पोरीला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, मी सांगनार न्हाय." मी म्हणालो, "सांगतो."

त्याला तीन महिने झाले. रोज ती विचारायची आणि रोज मी म्हणायचो, आज सांगतो. का सांगितलं नाही, तेही लिहितो, कारण अर्धं सांगून उपयोग नाही. एक तर मला भीती वाटली. लोक म्हणतील, देवीच्या काजळानं नवरी बाटवली. चार पिढ्यांची रीत माझ्या हाताखाली मोडेल. पण त्याच्या तळाशी दुसरं काही होतं. तू बारामतीला शिकायला गेलीस तेव्हा मी नको म्हणालो नाही, पण मला ते मनातून आवडलं नव्हतं. दुसऱ्यांच्या लेकींची तोंडं रंगवायची, दुसऱ्यांच्या मांडवात खांबाला टेकून उभं राहायचं. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मला वाईट वाटलं. आणि तू पॅकिंगला लागलीस तेव्हा मला बरं वाटलं. बापाला बरं वाटलं, दिपाली. देवीचीच इच्छा असेल असं मी स्वतःला सांगितलं. माझी इच्छा तिच्या नावावर खपवली.

मग नवरात्र आलं. नऊ दिवस मुखवटा चढवायचा, नऊ दिवस डोळे रेखायचे. पहिल्या माळेला काजळाचं बोट डोळ्याच्या कडेला टेकवलं आणि मी थबकलो. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुखवट्याला भुवया आहेत, बुबुळं आहेत, नथ आहे, पण पापण्या नाहीत. घडवणाऱ्यानं केल्याच नाहीत. देव पापणी लववत नाहीत असं वडील सांगायचे. त्यांना काही झाकायचं नसतं, त्यांना झोप नसते, लाज नसते, डोळ्यात कचरा जात नाही. पापणी माणसाला दिलेली वस्तू आहे. माझं काजळ चांदीवर बसतं, चांदीला घाम येत नाही. तुझं काम जिथं आहे ती जागा देवीपाशी नाहीच, तिथं मी कोण तुला शिकवणार? धुपाचा धूर भरलेला, बाहेर आराधी बायका गाणी म्हणत होत्या, आणि ती नऊ दिवस माझ्याकडे बघत होती. एकदाही तिनं पापणी लववली नाही. माझी मात्र सारखी लवत होती.

दिवाळी झाली आणि मी काटेवाडीला गेलो, संस्कृतीच्या सासरी. तिच्या सासूबाई द्वारकाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या गुरवबुवा. आता काय दृष्ट काढाय आलाव?" मी बसलो आणि सगळं सांगितलं. डबी, तूप, पापणीचं मूळ, चुलीपुढच्या भाकऱ्या. द्वारकाबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी यमाईनंच केलं म्हना की हे." मी म्हणालो, "न्हाय बाई. यमाईनं कायबी केलं न्हाय. मी केलं." तेवढ्यात संस्कृती आतून आली. पोटुशी आहे, सातवा लागतो आहे. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन लग्नाचा अल्बम घेऊन आली आणि माझ्या मांडीवर उघडला. त्या पानावर अंतरपाटाचा फोटोच नाही, तिथं फुलांचं चित्र लावलेलं आहे. ती म्हणाली, "काका, तुमी आज सांगायलाव. फोटो माघारी येत्यात का?" मी म्हणालो, "न्हाय, पोरी." ती म्हणाली, "अजून मला दीर गुऱ्हाळ म्हणून हाक मारतो." द्वारकाबाई हसायला लागल्या, मग सुनेचं तोंड बघून पुन्हा शेंगांकडे वळल्या. मी हात जोडले. ती अल्बम उचलून आत गेली. मी उठलो, चपला घातल्या, रस्त्याला लागलो, तेवढ्यात दारातून तिचा आवाज आला. "काका! मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी माझं डोहाळजेवण हाय. दिपालीला म्हनावं, ये. दुसऱ्या कुणाला मी तोंडाला हात लावू देनार न्हाय. नवीन फोटो काढायचेत मला." आणि मग, मी वळल्यावर, "आन् तुमचं काजळ आनू नका!"

हे सगळं तुला मी फोनवर सांगेन असं ठरवलं होतं, आणि तसंच पुढं ढकलत राहिलो असतो. पण परवा मोनासाठी म्हणून पेटी माळ्यावरून उतरवली. तळाशी, ब्रशांच्या खालच्या कप्प्यात, तुझी पार्लरची वही सापडली. लग्नाच्या तीन महिने आधीची तारीख, तुझं अक्षर: "डोळ्यांभोवती आधी तेलकट काहीही लावू नये. मस्कारा उतरतो." खाली दोन रेघा मारलेल्या. म्हणजे तुला माहीत होतं. मी डबी हातात दिली तेव्हा तू जी थांबलीस, ती त्यासाठी. तुला ठाऊक असून तू माझं ऐकलंस, आणि भर मांडवात, मॅडमपुढं, गावापुढं, आज नऊ महिने, "माझंच चुकलं" म्हणत आलीस, माझ्या आणि देवीच्या नावाला धक्का लागू नये म्हणून. आता तसं नको. देवळातली रीत मी बदलली आहे. यापुढं नवरीला काजळ कानामागं तीट म्हणून लागेल, डोळ्यांना नाही. देवीनं काही आढेवेढे घेतले नाहीत. मॅडमना मी येऊन सगळं सांगेन, पण तू हो म्हणालीस तर. पुन्हा कधी माझं सांगणं तुझ्या वहीत बसलं नाही, तर तोंडावर सांग, "अण्णा, हे न्हाय चालायचं." मला राग येईल, येऊ दे. मोनाला काय सांगायचं ते शनिवारपर्यंत कळव. तुला खरंच हे काम नको असेल, तर पेटी मी माझ्या हातानं तिला देईन आणि एक शब्द बोलणार नाही. पण आपला हात वाईट म्हणून देऊ नकोस. तुझा हात चांगला आहे. त्या दिवसाचा दोष माझा आहे, तेवढा मला परत दे.

तुझाच,
अण्णा